म्हातारीचं पाणी उतरलं

१

दुसऱ्याच सशाला म्हातारी अडखळली.

म्हातारी म्हणजे अरबाब खल्फानच्या, म्हणजे मालकाच्या, शिकारीच्या सुऱ्यांमधली सगळ्यांत जुनी सुरी. आबनुसाची काळी मूठ, वीतभर पातं, निझवा गावच्या कुण्या लोहाराने अरबाबच्या वडिलांसाठी घडवलेलं. पेटीत आणखी तीन होत्या. शिंगाच्या मुठीची, मिटणारी जर्मनी. तिला गंज चढत नसे, पण बिजागरीत वाळू गेली की दात खात उघडायची, आणि तिची धार म्हणजे चार घटकांची पाहुणी. फिनलंडवाली हाताला हलकी, कातडं सोलायला गुणी, पण हाडाशी गाठ पडली की टोक वाकवून बसायची. तिसरी वाकडी, चांदीच्या म्यानाची, पाहुण्यांना दाखवायची. तिने उभ्या जन्मात खजूरसुद्धा कापला नव्हता.

म्हातारीची गोष्टच वेगळी. घामेजला हात लागला तरी तिला तांबेरा यायचा, रोज तेल लागायचं, नव्या सुनेसारखे लाड करावे लागायचे. पण रानात उतरली की अकरा ससे एका धारेवर. मधे दगड दाखवायचं काम नाही.

या चौघींचा सांभाळ दत्तारामबुवांकडे होता. बुवा जातीचे लोहार, माणदेशातल्या दहिवडीकडचे. धार लावणं हे पोटाचं काम आणि कीर्तन हे जिवाचं. आखातातल्या अजमानच्या खोलीत दर शुक्रवारी गाद्या गुंडाळून, खिडक्या लावून, टाळ हळू वाजवत ते उभे राहायचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र अरबाबचा शिकारीचा तळ मदाम गावाच्या पलीकडे वाळूत पडायचा. तारेच्या कुंपणातल्या त्याच्या रानात ससे सोडलेले असत, वरून ससाणे उडत, आणि बुवा सुऱ्यांची पेटी घेऊन मागे. शुक्रवारी संध्याकाळी तेवढं कीर्तनापुरतं अजमानला यायला मिळे.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली. शुक्रवारची सकाळ, अरबाबचे खास पाहुणे आलेले. पहिला ससा म्हातारीने कसाबसा सोडवला. दुसऱ्याचं कातडं तिने कापलं नाही, फाडलं.

अरबाबने पात्यावर अंगठा फिरवला. "बुवा, ये क्या है? सिकीन तो मर गया. खलास."

बुवांचे कान तापले. बुधवारी त्यांनी स्वतः धार लावली होती. हातावरचे केस उडवून पाहिले होते. गुरुवारी म्हातारी पेटीबाहेर निघालीच नव्हती. पाहुण्यांसाठी राखून तळावर ठेवली होती. न वापरलेली सुरी बोथट होते कशी?

ते विचारात असतानाच नागेशची पिकअप धुरळा उडवत आली. नागेश जनरेटरवाला. काल दुपारी डिझेल आणायला धैद गावाला गेला होता आणि तिकडेच राहिला होता.

"किसन कुठाय रे? लाकडं कोण फोडणार?" बुवांनी विचारलं.

नागेश हसला. "मला काय विचारता बुवा? तुमच्याकडेच असेल की."

"तुझ्याबरोबर गेला ना काल?"

"माझ्याबरोबर?" नागेशचं हसू मावळलं. "मी एकटाच गेलो होतो."

२

किसन सापडला तो स्वयंपाकाच्या तंबूपासून दोनशे पावलांवर, वाळूच्या उंचवट्यामागे, समरच्या, तिथल्या वाळवंटी बाभळीच्या, लाकडांच्या ढिगाशी. मरून रात्र उलटली होती.

बुवांनीच त्याच्यावर चादर घातली. घालताना जे दिसलं ते त्यांच्या डोळ्यांतून हलेना. डाव्या पोटरीवर दोन खोल वार, एकावर एक आडवे, फुलीसारखे. खालची वाळू हातभर काळी झालेली. पाय भोपळ्यासारखा सुजलेला. गुडघ्याखाली दोरीने आवळल्यासारखा करकोचा, पण दोरी कुठेच नाही. शेजारी त्या पायाचा बूट नीट उभा ठेवलेला, आणि बुटात मोजा घडी करून.

दोन पावलांवर लाकडाची मोळी, तिची दोरी अर्धी कापलेली. मोळीजवळ पडली होती शौकतभायची सुरी, रक्ताने माखलेली.

शौकत म्हसळ्याचा. तळाचा खानसामा. त्याची ही सुरी म्हणजे जबिहाची, जनावर हलाल करायची, फक्त बिस्मिल्ला म्हणून चालवायची. ती तो कुणाला शिवू द्यायचा नाही. जनावरासमोर तिला धार लावायचा नाही, तंबूआड जाऊन लावायचा. आणि किसन म्हणजे हात लांब माणूस. दोरी कापायची म्हटलं की दिसेल ते पातं उचलायचा. बुधवारीच जुंपली होती. सगळ्या तळाने ऐकली होती.

"परत माझ्या सुरीला हात लावलास ना किसन, तर बकऱ्याच्या जागी तुला झोपवीन!"

"झोपवा की शौकतभाय, तेवढीच विश्रांती," किसन म्हणाला होता, आणि सगळे हसले होते. शौकतसुद्धा.

आता कुणी हसत नव्हतं. शौकतच्या कपड्यांवर रक्त होतं. तो म्हणाला, गुरुवारी बकरा कापला त्याचं. आलेल्या पोलिसांनी त्याचं बोलणं ऐकलं, नागेशने सांगितलेली धमकी ऐकली, पायावरचा करकोचा पाहिला. बांधून मारलं, असं त्यांनी लिहून घेतलं. डॉक्टरांचा कागद यायला आठवडा लागणार होता, पण शौकतला न्यायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

किसनचा मेहुणा समाधान चादरीशी उकिडवा बसला होता. तळावरचा सुतार. किसननेच बायकोच्या, सगुणाच्या, आग्रहावरून त्याचा व्हिसा केला होता आणि सुट्टीवरून परतताना त्याला बरोबर आणलं होतं. तो रडत नव्हता. नुसता दाजींच्या चादरीवरची वाळू झटकत होता, वारा ती पुन्हा टाकत होता, तो पुन्हा झटकत होता.

"समाधान, ऊठ बाबा," बुवा म्हणाले.

त्याने मान वर केली. बुवांनी खूप मयतं पाहिली होती, खूप डोळे पाहिले होते. पण या डोळ्यांत दुःखाच्या मागे आणखी काहीतरी उभं होतं, दाराआड उभं असल्यासारखं.

३

शनिवारी बुवा अजमानला खोलीवर आले, तर जिन्यात शौकतची बायको मरियमबी उभी. बरोबर आठ-नऊ वर्षांची लेक नबिला, शाळेच्या गणवेशात.

"बुवा, मी कुणाकडे जाऊ?" मरियमबीने दुपट्ट्याचं टोक दातांत धरलं होतं. "उद्या त्याला मोठ्या तुरुंगात पाठवणार. अरबाब उद्या जबाब देणार, की हाच सुरीवाला. मग कोण सोडवणार हो त्याला? इथे खुनाचं ठरलं की मानेवरच येतं."

"भाबी, शौकतभायने हे केलेलं नाही."

"ते मला माहितीय. तुम्हाला कशावरून?"

नबिला म्हणाली, "अंकल, पप्पा क्राइज इव्हन व्हेन ही कट्स द गोट."

"तुमच्या कीर्तनाला तो दाराशी बसायचा," मरियमबी म्हणाली. "मी विचारायची, तुला काय कळतं त्यातलं? म्हणायचा, मराठी माझी नाही काय? गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारची ती लाकूडतोड्याची गोष्ट घरी येऊन पोरीला सांगत बसला. आणि रुसलाही होता थोडा. म्हणाला, बुवांनी मला मधे बोलू दिलं नाही."

बुवांना ते आठवलं. लाकूडतोड्या भक्ताला सर्प डसतो, त्याचा धाकटा भाऊ त्याला वाचवतो, असं ते आख्यान. खोली मुसमुसत होती, किसन आणि समाधान पुढच्या रांगेत गळ्यात गळा घालून. आणि ऐन रंगात आलेलं असताना दारातून शौकत म्हणाला, "बुवा, आमच्याकडे असं करत नाहीत हां." बुवा चिडले होते. देवाच्या गोष्टीत खोड काढू नये, एवढं बोलून त्यांनी टाळ वाढवला होता.

"भाबी," ते म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत मला द्या. पांडुरंगाची शपथ, मी गप्प बसणार नाही."

शपथ तर तोंडातून गेली. हातात होतं काय? एक मेलेला मित्र, एक घडी केलेला मोजा आणि एक बोथट झालेली म्हातारी.

४

अरबाबच्या एका फोनवर चौकीत शौकतला भेटू दिलं. दोन दिवसांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

"बुवा, तुम्हालाही वाटतं?"

"वाटलं असतं तर आलो नसतो. गुरुवारी दुपारचं सांगा. काही गाळू नका."

"काय सांगायचं? तुम्ही अरबाबबरोबर रानात गेलात. नागेश गाडी घेऊन गेला. तळावर मी, किसन आणि समाधान. मी बकरा केला. सुरी पाण्याच्या पिंपाजवळ ठेवून मांस आत नेलं, येऊन बघतो तर सुरी नाही. कळलं मला, किसनने नेली लाकडांना. शिव्या दिल्या मनात. मग तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज झाली, जरा पडलो. डोळा लागला."

"ओरडणं ऐकलंत?"

"जनरेटर होता ना शेजारी धडधडत. तोफ उडाली तरी ऐकू येत नाही." शौकतने कपाळ चोळलं. "एक मात्र झालं, बुवा. पोलिसांना सांगितलं, त्यांनी लिहूनही घेतलं नाही. मी पडायला जाताना गॅस बंद केला होता. उठून बघतो तर शेगडी भकाभका पेटलेली. वर भांडं नाही, काही नाही. नुसती जळतेय."

"कुणी चहा केला असेल."

"भांडं कुठाय मग? कपही उष्टा नाही."

बुवा उठता उठता म्हणाले, "शौकतभाय, त्या शुक्रवारी मी तुम्हाला तोडलं. चुकलं."

"अहो, ते काय मनावर घ्यायचं." शौकत पहिल्यांदाच किंचित हसला. "कोकणातला आहे मी, फुरशांत वाढलेला. म्हणून तोंडून गेलं."

शिपायाने वेळ संपल्याची खूण केली. बुवा दारात पोचले आणि थबकले. नुसती शेगडी पेटवून माणूस काय तापवतो?

५

तळावर परतल्यावर बुवांनी पेटी उघडली आणि म्हातारीला मांडीवर घेतलं. आता त्यांनी तिच्याकडे मालकाच्या सुरीसारखं पाहिलं नाही. घरचं आजारी माणूस पाहावं तसं पाहिलं.

पात्यावर ओरखडे होते. बुवांचा हात दगडावर मुठीपासून टोकाकडे जायचा, त्यांचे ओरखडे लांबीला. हे आडवे होते, भरड होते. कुणीतरी घाईने काचकागद घासला होता.

ते नागेशकडे गेले. "तुझा पॉलिश पेपर दाखव बघू."

नागेशने काळा, बारीक कागद पुढे केला. "काय बुवा, मला धरता की काय आता? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं झालंय तुमचं."

"काळ सोकावलाच आहे रे," बुवा म्हणाले. त्यांनी कागद नखाने चाचपला. एवढ्या बारीक कागदाने तसे ओरखडे उठत नाहीत. "गुरुवारी जाताना किसन दिसला तुला?"

"दिसला ना. लाकडांकडे चालला होता, हात हलवला त्याने. पण तुम्हाला कुणी सांगितलं तो माझ्याबरोबर गेला म्हणून?"

कुणी सांगितलं ते बुवांना आठवलं होतं, आणि आठवायला नको होतं.

ते परत आले. म्हातारीचं म्यान पांढऱ्या कागदावर उलटं झटकलं. चिमूटभर भुसा पडला. सागाचा. मग त्यांनी कानस घेतली आणि जीव मुठीत धरून पात्याच्या कडेला हलकेच लावली. पाणी देऊन कडक केलेल्या पोलादावर कानस धरत नाही, काचेवर नख फिरवावं तशी घसरते. ही धरली. कुर्रकन धरली, खिळ्याच्या लोखंडावर धरावी तशी.

म्हातारीचं पाणी उतरलं होतं.

लोहाराच्या पोराला तापल्या पोलादाचे रंग वाचता येतात. आधी गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग मोरपंखी. मोरपंखी आला की पाणी गेलं, मग त्या धारेत जीव राहत नाही. बुवांनी पातं उन्हाकडे धरलं. सगळा रंग घासून काढला होता. पण मूठ जिथे पात्याला भेटते त्या खाचेत कागद पोचत नाही. तिथे केसाएवढी मोरपंखी रेघ होती.

कुणीतरी म्हातारीला शेगडीवर लाल होईपर्यंत तापवलं होतं. मग तिनेच किसनच्या पोटरीवर फुली काढली होती.

बुवा कितीतरी वेळ ती रेघ बघत बसले. जीव घ्यायचाच असेल तर पातं तापवायला कोण जातो? आणि मारणारा आधी बूट काढत नाही, मोजा घडी करून ठेवत नाही. हे सगळं करतो तो वाचवणारा. किसनने लाकडांच्या ढिगात हात घातला होता, पाय टाकला होता. पाय सुजला होता. सापाचा दंश जिथे झाला असेल, तिथेच बरोबर फुली होती.

आणि मग त्यांना आठवलं, हे सगळं, तापलेलं पातं, आवळलेली पोटरी, आडवी-उभी फुली, आपण आधी कुठे ऐकलंय.

ऐकलं नव्हतं. सांगितलं होतं.

६

समाधान ससाण्यांच्या बैठकीचे सागवानी खुंट घासत होता. भरड, पिवळा काचकागद. बुवा शेजारी बसले. म्हातारी दोघांच्या मधे वाळूवर ठेवली. हातातून हातात सुरी देऊ नये, भांडण होतं, म्हणून.

"गुरुवारी संध्याकाळी तू मला म्हणालास, दाजी नागेशबरोबर गेले."

समाधानचा हात थांबला.

"साप कसला होता रे?"

समाधान बोलला तो बुवांकडे न बघता.

"लहान व्हता. हातभर. अंगावर अंग घासत करवतीसारखा आवाज करत व्हता. दाजी वरडले म्हनून धावलो. गाडी न्हाई. फोन न्हाई. शौकतभाय झोपल्यालं, त्यांना उठवावं हे बी सुचलं न्हाई. मला निस्ती तुमची गोष्ट सुचली, बुवा." त्याने नाक पुसलं. "शौकतभायची सुरी तितंच पडली व्हती, पन तिला बकऱ्याचं रगत. तुमी म्हनला व्हता, भावानं विळा अग्नीत शुद्ध केला. मग म्हातारीच आनली. तुमीच म्हनता ना, हिनं कापलं तर कापल्याला कळत बी न्हाई. दाजीला दुखू नये म्हनून आनली. माझा पंचा गुडघ्याखाली आवळला. नाव घेत व्हतो. दाजी बी घेत व्हते. तुमचंच पद म्हनत व्हतो आमी."

बुवांना ते पद ऐकू आलं. त्यांनीच जुळवलेलं, त्याच शुक्रवारी खोली डोलली होती त्याच्यावर.

*घाव घातला धाकट्याने ।*
*बुजविला जगजेठीने ॥*

"रगत थांबंना," समाधान म्हणाला. "तुमच्या गोष्टीत थांबतं. दाजीचं थांबलं न्हाई. मी दाबून धरलं, पंचा दाबला, वाळू दाबली. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ते म्हनाले, समाधान, आक्काला सांगू नको, ती भिईल." आता त्याने पहिल्यांदा बुवांकडे पाहिलं. "माझं कुठं चुकलं, बुवा? नाव घ्यायला चुकलो का मी?"

तीस वर्षं बुवांनी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. ओव्या, दृष्टांत, दाखले. आज त्यांच्या जिभेवर वाळू होती.

त्यांच्या गुरूंनी सांगितलेल्या आख्यानात विळा नव्हताच. धाकटा भाऊ थोरल्याला पाठीवर घेऊन तीन कोस वैद्याकडे धावतो, एवढंच होतं. बुवांना ते अळणी वाटलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून त्यांनी विळा घातला, आग घातली, फुली घातली. पदरची मीठमिरची. आणि ज्याला ठाऊक होतं, फुरशाच्या दंशाचं रक्त थांबत नाही, तिथे पातं लावायचं नसतं, तो माणूस दारातून सांगायला गेला तेव्हा त्यांनी टाळ वाढवला.

"नाही रे," ते अखेर म्हणाले. "तुझं नाव घेणं खरं होतं. गोष्ट माझी खोटी होती."

समाधान तोंड झाकून हुंदके देऊ लागला. "भ्यालो, म्हातारी घासून पेटीत ठिवली, तुमाला खोटं बोललो. शौकतभायचं कळलं तवाच सांगनार व्हतो. तीन येळा उठलो. पन सांगितलं की आक्काला कळंल. आक्काच्या कुंकवाला म्याच..."

"उद्या सकाळी शौकतला नेतायत," बुवा म्हणाले. "त्याची पोर शाळेच्या कपड्यांत जिन्यात उभी होती. चल, ऊठ. मी आहे बरोबर. तू हाताचं सांग, मी तोंडाचं सांगतो. दोघांनी मिळून केलंय हे."

७

अरबाबने सगळं ऐकून घेतलं. मोरपंखी रेघ स्वतः पाहिली, कानस स्वतः लावून पाहिली. मग त्याने गाडी काढायला सांगितली.

शौकत त्याच दिवशी घरी गेला. डॉक्टरांचा कागद आठवड्याने आला, त्यात विषाचं लिहिलं होतं. समाधान मात्र आत राहिला. अरबाब म्हणाला, "जान गई है, बुवा. उसकी औरत माफ करे, तो काज़ी सुनता है."

म्हणजे सगुणाला सांगायचं होतं, आणि सांगणार बुवाच.

किसनच्या गावात पोस्टाजवळच्या दुकानात फोन होता. तिथे सगुणाला बोलावून आणलं. किसन साप चावून गेला एवढंच तिला तोवर ठाऊक होतं. बुवांनी काहीही लपवलं नाही. विळा, गोष्ट, म्हातारी, पंचा. स्वतःला सगळ्यांत आधी ठेवलं. पलीकडे दुकानातल्या कुणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव चालले होते, तेवढेच ऐकू येत होते.

मग ती म्हणाली, "ह्यांचं डोकं कुठं व्हतं बुवा, जाताना?"

"समाधानच्या मांडीवर."

"म्हंजी एकटं न्हवते."

"नव्हता, ताई."

पुन्हा बाजारभाव. कांदा, ज्वारी, हरभरा.

"माज्या भावाला म्हनावं, म्या माफ केलं. कुठं अंगठा द्यायचा तितं देते." तिचा आवाज तुटला, पण तिने तो परत गोळा केला. "आनि बुवा, दोघं बरुबर गेले व्हते. दोघांना बरुबरच धाडा."

तसंच झालं. कागद व्हायला महिना लागला. किसन खाली शवपेटीत आणि समाधान वर, एकाच विमानाने.

समाधान निघायच्या आदल्या दिवशी अरबाबने म्हातारी बुवांपुढे ठेवली. "फिर से पानी दे सकता है?"

"देऊ शकतो, अरबाब. पण पुन्हा भट्टीत घालावी लागेल. ही रेघ जाईल."

अरबाबने ती रेघ अंगठ्याने शोधली. मग त्याने म्हातारीला तेल लावलं, म्यानात घातलं आणि पेटीत तिच्या जागी ठेवून दिलं.

पुढच्या शुक्रवारी अजमानच्या खोलीत गाद्या गुंडाळल्या गेल्या. पुढच्या रांगेत दोन माणसांची जागा कुणी भरली नाही. बुवा उभे राहिले. चेहरा असा की नागेशला वाटलं, आज हे गाणार नाहीत. शौकत नेहमीसारखा दाराशी चपलांजवळ बसला होता.

"शौकतभाय," बुवा म्हणाले, "आत या. इथे, पुढे."

शौकत बिचकत पुढे आला आणि त्या रिकाम्या जागेच्या कडेला टेकला.

"आज लाकूडतोड्याचं आख्यान आहे. पण आधी तुम्ही सांगा. त्या दिवशी मी सांगू दिलं नाही. फुरसं चावलं तर काय करायचं?"

शौकतने घसा साफ केला.

"कापायचं नाही. आवळायचं नाही. माणसाला हलू द्यायचं नाही, चालवायचं तर अजिबात नाही. गाडी मिळाली तर गाडी, नाहीतर उचलून, पण दवाखान्यात न्यायचं." तो थांबला. "बस्स. एवढंच म्हणणार होतो त्या दिवशी."

"ऐकलंत?" बुवा सगळ्यांना म्हणाले. "हा पूर्वरंग झाला."

त्यांनी चिपळ्या उचलल्या. गोष्ट रानात शिरली, सर्प निघाला, थोरला कोसळला. श्रोते विळ्याची वाट बघू लागले. विळा आला नाही.

धाकट्याने भावाला पाठीवर घेतलं, बुवा सांगत होते, आणि तो धावला. एवढंच. तीन कोस धावला.